कागद फाडताना टाके उसवतात त्यावर

ताई, पेपर पीसिंगमध्ये, म्हणजे छापील नक्षीच्या कागदावर कापडाचे तुकडे शिवून गोधडीचे ब्लॉक (चौकोनी तुकडे) करताना, शेवटी कागद फाडून काढताना टाके उसवतात असं तुम्ही विचारलंत. तसं होत असेल तर आधी टाका बारीक करा. लांबी १.५ मिमीच्या आसपास ठेवा आणि सुई ९०/१४ नंबरची लावा. भोकं मोठी आणि एकमेकांजवळ पडतात आणि कागद तिकिटासारखा सुटतो. जाड कागद नकोच. कापड कागदाच्या मागे, शिलाई छापील रेघेवर, कागदावरच्या आकड्यांच्या क्रमानं. प्रत्येक शिवणीला पाव इंच ठेवून उरलेलं कापा. नक्षी आरशातल्यासारखी उलटी येते, अक्षरं करणार असाल तर जपून!

आमच्या इंदुरात महेश्वरी साड्यांच्या चिंध्यांना तोटा नाही, पण ते कापड फार निसटतं. खळ देऊन इस्त्री केली की वठणीवर येतं. आणि कागद शेजारचे ब्लॉक जोडल्यावरच काढा, नाहीतर उरेब (तिरप्या कापलेल्या) कडा ताणल्या जातात.