मदत हवी आहे: दिवसाआड पाणी सोडलं तर तलाव जुलैअखेर पुरेल का?

चावीवाला
नगरपरिषद, लोकसंख्या 40 हजार, भुयारी गटार नाही. 15 फेब्रुवारीला तलावात मृतसाठा (तळाचं, उचलता न येणारं पाणी) वगळून 6 लाख घनमीटर पाणी आहे, पाणपसारा (पाण्याखालचं क्षेत्र) सरासरी 12 हेक्टर. रोज 40 लाख लीटर उचलतो. भागाकार केला तर 150 दिवस, म्हणजे 15 जुलै. दिवसाआड केलं की उचल निम्मी होईल, असं सभेत मांडायचं आहे. हिशेब बरोबर आहे का?

पाणलोट
बाष्पीभवन राहिलं. 1 हेक्टरवरून 1 मिलिमीटर उडालं की 10 घनमीटर गेलं. 12 हेक्टर आणि दिवसाला सरासरी 6 मिमी धरा: रोज 720 घनमीटर. मग साठा 127 दिवसांत, 22 जूनला संपतो. मृग कोरडा गेला तर हातात काहीच नाही.

31 जुलै गाठायचं तर 166 दिवस. बाष्पीभवनाचे सुमारे 1.2 लाख घनमीटर वजा करा, रोजची उचल 29 लाख लीटर बसते. टँकरने भागवू म्हणणाऱ्यांना सांगा, 10 हजार लिटरच्या रोज 290 खेपा होतात. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला गेलेल्या पन्नास वाघिणींच्या गाडीतही एका फेरीला 25 लाख लीटरच होते.

पाणी खाली जाईल तसा पसारा आकसतो, म्हणून पाटबंधारे खात्याकडून तलावाचा पातळी-क्षेत्रफळ-साठा तक्ता घ्या आणि दर पंधरवड्याला आकडे नव्याने मांडा.

फेरूल
दिवसाआडने उचल निम्मी होत नाही, हे सभेत आधीच स्पष्ट करा. लोक दोन दिवसांचं भरून ठेवतात आणि पुढची पाळी आली की उरलेलं 'शिळं' म्हणून ओततात. तोटी नसलेला नळ पाणी जाईपर्यंत वाहतो. बचत पंपाचे तास कमी केल्यावरच होते, म्हणून पंपातून निघणाऱ्या नळीवरचं मीटर चालू आहे ना ते बघा आणि रोज नोंद ठेवा.

खरा फरक गळतीत आहे. 29 लाखांतले 30 टक्के वाटेत गेले तर माणशी 50 लीटर पोचतात. गळती 15 टक्क्यांवर आणली तर 61. भुयारी गटार नसलेल्या गावाला मानक 70 आहे, म्हणजे 61 वर गाव तग धरेल.

मोजायची रीत: एका भागाला पूर्ण पाणी देऊन घरोघरच्या टाक्या भरू द्या, मग घरांचे कॉक बंद करायला लावा. जलकुंभात येणारं पाणी थांबवून फक्त त्याच भागाचा व्हॉल्व्ह दोन तास उघडा ठेवा. 12 मीटर व्यासाच्या टाकीत पातळी 10 सेंमी उतरली तर 11,300 लीटर जमिनीत गेले. नुसती रात्रीची चाचणी तुमच्याकडे फसवेल, कारण रात्री लाइन रिकामी असते, दाबच नसतो. गळती बहुतेकदा मुख्य लाइनवर नसून फेरूलच्या (मुख्य लाइनवरून घराची जोडणी काढतात तो तुकडा) सांध्यावर आणि गटारातून गेलेल्या जोडण्यांवर सापडते.

चावीवाला
टेकडीवरच्या गल्लीत आत्ताच पाणी चढत नाही. वेळ कापली तर तिथे काहीच मिळणार नाही.

फेरूल
पाळ्या प्रभागाप्रमाणे न लावता उंचीप्रमाणे लावा. टाकी काठोकाठ असताना आधी टेकडी, खालचे व्हॉल्व्ह पूर्ण बंद; मग खालचा भाग. नळाला लावून पाणी ओढणारे टिल्लू पंप जप्त करून पुरत नाही, आठवड्यात दुसरा येतो. त्यापेक्षा पाण्याच्या वेळेत त्या भागाच्या फीडरची (वीजवाहिनीची) वीज बंद ठेवण्यासाठी महावितरणला पत्र द्या, दवाखान्याचा फीडर वगळून.

पाणलोट
एक जपा. लाइन रिकामी झाली की फुटक्या सांध्यातून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. 150 मिमीच्या नळीत मीटरला 17.7 लीटर मावतात, म्हणजे किलोमीटरभर लाइनचं पहिलं सतरा-अठरा हजार लीटर पाणी संशयाचं. व्हॉल्व्ह सावकाश उघडा, नाहीतर अडकलेल्या हवेने सांधे उडतील. ओटी चाचणी (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघण्याची) टाकीजवळ घेऊन उपयोग नाही. शेवटच्या घराच्या नळाला क्लोरीन 0.2 मिलिग्रॅम प्रति लीटर मिळालं पाहिजे.