मुंबई-गोवा हायवेवरचे किरणोत्सारी खोके: तीन राज्यांनी एकत्र बसायला हवं की नको?

सावित्रीकाठ (धागालेखिका)
मी हायवेलगतच्या एका ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी पहाटे तीनच्या सुमारास घाटात एक पिकअप उलटली. पुढे दोन पोरं, मागे साखळीने बांधलेला खोका. त्यावर चौकोनी लेबल: वरचा अर्धा भाग पिवळा, त्यात काळं तीन पाकळ्यांचं चिन्ह, खाली पांढऱ्यावर दोन उभ्या लाल रेघा. मदतीला धावलेल्यांनी बॅटरीच्या उजेडात ते चिन्ह बघितलं आणि सगळे मागे सरले. रुग्णवाहिका पन्नास पावलांवर थांबून राहिली. पोरं पाऊण तास पावसात पडून होती. एकाची मांडी मोडलेली, दुसऱ्याचं रक्त जात होतं.

त्यांच्यासोबत माझ्या हातात एक भिजलेला कागद आला, आपत्कालीन सूचनांचा. त्यावरचा नंबर शेजारच्या राज्यातला. तिथे म्हणाले, तुमच्या जिल्ह्याला कळवा. जिल्ह्यातून सांगितलं, माल पाठवणाऱ्याला विचारा. सकाळी आठला किरण मोजायचा मीटर घेऊन माणूस आला. खोका शाबूत, काहीही सांडलेलं नव्हतं. किरणांनी कोणाचं काही बिघडलं नाही. पोरांचे हाल झाले ते आम्हाला कोणी काही शिकवलं नव्हतं म्हणून.

अणुऊर्जा हा विषय केंद्राचा. खोका कसा असावा, ते अणुऊर्जा नियामक मंडळ ठरवतं. पण घाटात आधी पोचतो तो हवालदार, १०८ ची गाडी आणि वाडीतली पोरं. त्यात शेजारची राज्यं एकत्र बसून बोलतात त्या क्षेत्रीय परिषदा. महाराष्ट्र आणि गोवा पश्चिमेच्या परिषदेत, तर कर्नाटक दक्षिणेच्या. पनवेल ते कारवार रस्ता एकच, पण राज्यं बसतात दोन वेगळ्या टेबलांवर.

अमेरिकेत न्यू मेक्सिकोत कार्ल्सबादजवळ जमिनीखाली मिठाच्या थरात अणुकचरा ठेवतात, १९९९ पासून. तिथवरच्या वाटेवरची पश्चिमेकडची राज्यं एकत्र आली. आगाऊ सूचना, वाटेवरच्या पोलीस-अग्निशमनला प्रशिक्षण, हवा बिघडली तर गाडी कुठे थांबवायची, सगळं त्यांनी आधीच ठरवून घेतलं. आपल्या तीन राज्यांनी एवढंच करावं: आगाऊ सूचना, वाटेवरच्यांना शिकवणी, तिघांचा मिळून एक फोन नंबर, वर्षातून एक एकत्र सराव, आणि रेड अलर्टला गाडी कुठे उभी करायची त्या जागा.

मीटरवाला
ताई, त्या पोरांचं वाचून वाईट वाटलं. पण माझा विरोध आहे. १४ वर्षं पाइपलाइनच्या वेल्डिंगचे फोटो काढतोय, इरिडियम-१९२ या किरणोत्सारी धातूचा कॅमेरा घेऊन. हा कॅमेरा ज्या प्रकारच्या खोक्यात मोडतो, त्याला ९ मीटरवरून न दबणाऱ्या पृष्ठभागावर आपटतात, १ मीटरवरून लोखंडी दांड्यावर टाकतात, मग ८०० अंशांच्या आगीत अर्धा तास. इतकं झाल्यावरच मंजुरी. लेबलवर एक आकडा असतो, वाहतूक निर्देशांक. तो १ असेल तर एक मीटरवर तासभर उभं राहून ०.०१ मिलिसिव्हर्ट (अंगावर किती किरण पडले ते मोजायचं माप). सामान्य माणसाची वर्षाची मर्यादा १. म्हणजे १०० तास. जखमी माणूस उचलायला दहा मिनिटं लागतात.

तीन राज्यं आली की तीन सह्या आल्या. थायरॉइडच्या रुग्णासाठीच्या आयोडीन-१३१ या किरणोत्सारी औषधाचं अर्धायुष्य, म्हणजे बळ निम्मं व्हायचा काळ, ८ दिवस. दोन दिवस नाक्यावर अडकलं की जवळजवळ सहावा हिस्सा संपला. तो रुग्ण कोणाकडे दाद मागणार?

सावित्रीकाठ
दादा, १०० तासांचा हिशोब मला आज कळला. त्या रात्री रुग्णवाहिकेच्या चालकाला कळला असता तर? सही मी कुठे मागितली? मी शिकवणी मागतेय.

रापण
मी जैतापूरजवळच्या नाटे गावाच्या बाजूचा. जैतापूरला ९,९०० मेगावॅटचा अणुऊर्जा प्रकल्प आणायचा म्हणतात. १८ एप्रिल २०११ ला साखरी नाट्यात गोळीबार झाला, आमचा एक माणूस गेला. तेव्हापासून आम्ही एकच विचारतोय, हे इथे हवंच कशाला? आज तुम्ही सहकार्य म्हणाल, उद्या हीच कागदपत्रं दाखवून सांगतील की रस्ता तयार, माणसं तयार, आता विरोध कसला. ताई, तुमचा हेतू चांगला आहे. पण तयारी म्हणजे अर्धी संमती.

देवगडचा बागायतदार
रापणभाऊ, प्रकल्पाला माझाही विरोध. पण २००७ ला हापूस अमेरिकेला गेला तो लासलगावला कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूच्या किरणांतून काढून. त्या कोबाल्टचं बळ सव्वापाच वर्षांत निम्मं होतं, नवं आणावंच लागतं. कॅन्सरचे उपचार आहेत, वेल्डिंग तपासणी आहे. जैतापूर झालं नाही तरी हे खोके फिरणारच.

निवृत्त अंमलदार
माझा मुद्दा गुप्ततेचा. तीन राज्यांच्या कंट्रोल रूमला आगाऊ सूचना म्हणजे संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर. असा स्रोत चोरीला गेला किंवा भंगारात पोचला तर काय होतं ते २०१० ला दिल्लीच्या मायापुरीत बघितलं. कोबाल्ट-६० ने एक जण दगावला. आगाऊ सूचना अजिबात नको. प्रशिक्षणाला हरकत नाही.

सावित्रीकाठ
मान्य. आगाऊ सूचना मी मागे घेते. लेबल वाचायला शिकण्यासाठी गाडी कधी येणार हे कळायची गरज नाही. पण थांब्यांवर मी ठाम आहे. २०२२ च्या सप्टेंबरात अंजणारी पुलावरून गॅसचा टँकर काजळी नदीत कोसळला आणि हायवे बंद पडला. त्या रांगेत असा खोका असता, तर चालकाने तो घेऊन कुठे उभं राहायचं होतं?

कारवारकर
कैगाचा अणुऊर्जा प्रकल्प आमच्या उशाशी. प्रकल्पाच्या आसपासच्या गावांसाठी सराव होतात, घरात राहा, खिडक्या लावा वगैरे. रस्त्यावर खोका पडला तर काय, हे आम्हाला कोणी सांगितलेलं नाही. आणि गोवा-कर्नाटक हद्दीवरच्या पोळेच्या नाक्याअलीकडे अपघात झाला तर गोव्याची गाडी येणार की आमची, यावर दोन ठाण्यांत वाद घालताना मी ऐकलंय, साध्या ट्रकसाठी. धागालेखिकेला पाठिंबा.

रापण
माणूस पडलाय तर उचलायलाच हवा, यात वाद नाही. खोक्याला घाबरून पोरं पावसात पडून राहिली हे मलाही लागलं. पण लेखी द्या, की हा सराव कुठल्याही प्रकल्पाच्या परवानगीत तयारी म्हणून दाखवला जाणार नाही. ते मिळेपर्यंत माझा विरोध मोजा.

सावित्रीकाठ
निवेदनात पहिलं कलम तेच घालते, तुमच्याच शब्दांत.

मीटरवाला
राज्यांच्या समितीला माझा नकार कायम. पण ताई, परवानगी काढा, मीटर आणि रिकामा खोका घेऊन तुमच्या रुग्णालयात येतो. लेबल कसं वाचायचं, किती लांब उभं राहायचं, दोन तासांत दाखवतो. पैसे नकोत.

सावित्रीकाठ
या. दुपारी दोनला या, म्हणजे रात्रपाळीच्या मुलींनाही येता येईल. रुग्णवाहिकेच्या दोन्ही चालकांना मी स्वतः बोलावते. त्यातला एक त्या रात्रीचा आहे.