कामाच्या धबडग्यात आत्मिक मन कसे टिकवावे?

प्रश्न

प्रभूमध्ये सर्वांना सप्रेम सलाम. पहाटे शास्त्रपाठ आणि प्रार्थना करताना माझे मन स्थिर असते. परंतु कामावर हिशेब लिहायला बसले की एखादी रक्कम जुळत नाही, वरिष्ठांचा तगादा सुरू होतो आणि दुपारपर्यंत सकाळी कोणते वचन वाचले हेसुद्धा आठवत नाही. बायबलमधील रोमकरांस पत्र ८:६ मध्ये प्रेषित पौल म्हणतो की देहस्वभावाचे चिंतन मरण आहे आणि आत्म्याचे चिंतन जीवन व शांती आहे. ज्याचे मन दिवसभर आकड्यांत गुंतलेले असते, त्याचे चिंतन कशाचे समजायचे? हा प्रश्न मी वादासाठी विचारत नाही. तो मला खरोखर छळतो.

उत्तर १

आपण सहाव्या वचनावर थांबला आहात. कृपया नवव्या वचनापर्यंत वाचावे. ज्याच्या ठायी देवाचा आत्मा वसतो तो देहस्वभावाच्या अधीन नाही, असे पौल तेथे सांगतो, आणि त्या अध्यायाचा आरंभच मुळी ख्रिस्त येशूमध्ये असलेल्यांना दंडाज्ञा नाही या घोषणेने होतो. शिवाय देहस्वभावाची कर्मे कोणती, हे त्याने गलतीकरांस पत्र ५:१९-२१ मध्ये नावानिशी सांगितले आहे. त्यात जारकर्म आणि दारूबाजी आहे, तसेच वैर, कलह, मत्सर आणि रागही आहेत. प्रामाणिकपणे आकडेमोड करणे मात्र त्यात कोठेही नाही. रक्कम जुळली नाही म्हणजे मन देवापासून दूर गेले असे नव्हे. ती चूक शेजारच्या सहकाऱ्याच्या माथी मारावीशी वाटते तेव्हा खरी परीक्षा सुरू होते, आणि ती त्याच टेबलाशी, त्याच वहीसमोर होते.

उत्तर २

वरील उत्तर मला मान्य आहे, परंतु वचन दुपारपर्यंत विसरले जाते ही अडचण त्याने सुटत नाही. ५व्या शतकाच्या पूर्वार्धात जॉन कॅशियन या ख्रिस्ती संन्यासी लेखकाने इजिप्तमधील वाळवंटात राहणाऱ्या संन्याशांची शिकवण लिहून ठेवली. हे लोक हाताने काम करीत आणि मनात स्तोत्र ७० चे पहिले वचन घोळवीत. देवाने आपल्या साहाय्यासाठी त्वरा करावी, अशी ती विनवणी आहे. राग आला, भीती वाटली, मन भरकटले किंवा सगळे सुरळीत चालले असले, तरी तेच वचन. संपूर्ण अध्याय ध्यानात ठेवण्याचा अट्टहास सोडून आपण एवढेच एक वचन घ्यावे आणि हिशेबाचे पान उलटताना ते मनात म्हणावे. मात्र येशूने मत्तय ६:७ मध्ये व्यर्थ बडबडीविषयी दिलेला इशारा लक्षात असू द्यावा, कारण शब्दांच्या संख्येने देव प्रसन्न होत नाही.

उत्तर ३

कलस्सैकरांस पत्राचा तिसरा अध्याय एका बैठकीत वाचावा. दुसऱ्या वचनात वरील, म्हणजे स्वर्गीय, गोष्टींकडे मन लावण्याची आज्ञा आहे, आणि त्याच अध्यायात पुढे, २२व्या व २३व्या वचनांत, पौल दासांना सांगतो की जे काही कराल ते माणसांसाठी नव्हे तर प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा. ज्यांचा एक तासही स्वतःच्या मालकीचा नव्हता, एकांत मागण्याची ज्यांना सोय नव्हती, अशा लोकांना हे लिहिले आहे! वर मन लावणे हे केवळ निवांत माणसालाच साधण्याजोगे असते, तर पौलाने हे त्यांना सांगितलेच नसते. येशू घरी आला असता पाहुणचाराच्या कामात गुंतलेल्या मार्थेलाही त्याने चूल सोडण्याची आज्ञा केली नाही; ती पुष्कळ गोष्टींविषयी चिंता व दगदग करते, असे तो प्रेमाने तिचे नाव दोनदा घेऊन म्हणाला.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. स्तोत्राचे वचन उद्यापासून घेईन. एक शंका उरते: संध्याकाळी इतका थकवा येतो की प्रार्थनेला शब्दच सुचत नाहीत. तेव्हा काय करावे?

उत्तर १

रोमकरांस पत्राच्या त्याच आठव्या अध्यायाचे २६वे वचन वाचावे. आपण कशी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही तेव्हा आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो, असे तेथे लिहिले आहे. शब्द सुचत नसतील तर न बोलता देवासमोर बसावे आणि वेळेवर झोपावे.