हुमणी चार दिवसांत मरत नाही
दादा, उसाला मेटारायझियम सोडून चार दिवस झाले तरी मुळं खाणारी हुमणी अळी जिवंतच, म्हणून पैसे वाया गेले असं तुम्ही म्हणताय. थोडं थांबा. मेटारायझियम हे रासायनिक विष नाही, ती कीड मारणारी बुरशी आहे. तिचे बीजाणू, म्हणजे बारीक बीजासारखे कण, अळीच्या कातडीला चिकटतात, ओलाव्यात रुजतात आणि कातडी भेदून आत शिरतात. पोटात जायची गरजच नसते. आत वाढून अळी मारायला आठवडा तरी लागतो, मोठ्या हुमणीला त्याहून जास्त. दहा-पंधरा दिवसांनी मुळांजवळ उकरून बघा. मेलेली हुमणी मऊ पडून सडत नाही, कडक होते. आधी पांढरी बुरशी दिसते, मग अंगभर हिरवी पूड. ती पूड म्हणजे नवे बीजाणू, ते जमिनीतच राहतात.

कोरड्या जमिनीत मात्र काही उपयोग नाही. वापसा असताना, म्हणजे जमीन ओलसर पण चिखल नसताना, शेणखतात मिसळून, संध्याकाळी द्या. कडक उन्हाने बीजाणू मरतात. बुरशीनाशक सोबत अजिबात नको. आणि पाकिटावरची तारीख बघाच, उन्हात ठेवलेला माल निम्मा मेलेला असतो.

एक महत्त्वाचं: शेजारी कुणाचं रेशीम असेल तर बिव्हेरिया ही कीड मारणारी दुसरी बुरशी फवारू नका. इटलीचे अभ्यासक अगोस्तिनो बासी यांनी 1835 मध्ये रेशीमकिड्यांचा जो रोग बुरशीमुळे होतो हे दाखवलं, ती हीच बुरशी. तुतीच्या पानांवर उडाली तर त्या माणसाची रेशीमकिड्यांची अख्खी बॅच जाऊ शकते.