अनुभव सांगा: परदेशी कॉलेज बारावीच्या मुलांमध्ये काय बघतं?

नमस्कार मंडळी. आपल्याकडे इंजिनिअरिंगला सीईटीचा पर्सेंटाइल आला की कॅप राउंडमध्ये कॉलेज ठरतं. अमेरिकेत असा एकच आकडा नाही. माझी मुलगी यंदा बारावीत आहे, म्हणून हा धागा. कन्सल्टंटची मतं नकोत, तुमच्या घरात जे घडलं ते लिहा.

सुरुवात मी करते. बरीच अमेरिकन कॉलेजं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचं पत्रक जाहीर करतात. त्यातल्या सी-७ तक्त्यात मार्क, विषयांची काठिण्यपातळी, निबंध, शिफारसपत्रं, मुलाखत अशा प्रत्येक गोष्टीपुढे ‘अतिशय महत्त्वाची’पासून ‘विचारात घेत नाही’पर्यंत खूण केलेली असते. कॉलेजांची यादी करण्याआधी तो तक्ता वाचाच.

पुणे, आई

ताई, आमचा सगळा घोळ शिफारसपत्रांचा होता. मुलगा इंटिग्रेटेडला, म्हणजे नाव ज्युनिअर कॉलेजात आणि दिवस क्लासमध्ये. पत्रं मात्र शिकवणाऱ्या शिक्षकांची लागतात, आणि कॉलेजातल्या सरांना हा फक्त प्रॅक्टिकलपुरता माहीत! पहिलं पत्र आलं ते ‘हुशार, कष्टाळू, वर्तणूक उत्तम’. हा झाला दाखला. यातून वाचणाऱ्याला मुलगा कसा कळणार?

मग तो फिजिक्सच्या मॅडमना जर्नल घेऊन भेटला. लोलकाच्या प्रयोगात त्याची गुरुत्व त्वरणाची किंमत सारखी कमी येत होती. त्याने रीडिंग ॲडजस्ट केली नाहीत. लांबी नुसत्या दोऱ्याची मोजली जातेय, गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायला हवी, हे शोधून त्याने प्रयोग पुन्हा केला होता. मॅडमना ते आठवलं आणि पत्रात त्यांनी तेवढंच, पण नीट लिहिलं. असं पत्र दहा विशेषणांपेक्षा मोलाचं, असं माझं ठाम मत आहे.

दुसरं म्हणजे स्कूल प्रोफाइल. बोर्ड कोणतं, वर्गात मुलं किती, कोणत्या टक्केवारीला किती जण, कोणते विषय घेता येतात, हे एका पानावर. स्टेट बोर्डाचे ८८ टक्के म्हणजे काय, हे तिकडच्या वाचणाऱ्याला त्यावरूनच कळतं. हे पान करून पाठवणं काउन्सेलरचं, म्हणजे शाळेतल्या प्रवेश-मार्गदर्शकाचं काम, पण आमच्या कॉलेजात काउन्सेलर नव्हता. उपप्राचार्यांनी ते काम आपुलकीने केलं.

न्यू जर्सी, बाबा

वरच्या मुद्द्याला दुजोरा. मुलाला त्याच्या शाळेच्या चौकटीत बघतात. शाळेत वीस एपी (कॉलेजच्या पातळीचे) विषय असताना तीन घेणं वेगळं, आणि चारच असताना तीन घेणं वेगळं. उपलब्ध विषयांपैकी या मुलाने किती अवघड घेतले, हे काउन्सेलरला फॉर्मवर सांगावं लागतं.

उपक्रमांसाठी कॉमन ॲपमध्ये (बऱ्याच अमेरिकन कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) दहा जागा असतात, प्रत्येकी वर्णनाला १५० अक्षरं. ओळखीतले सगळे म्हणत होते, सुट्टीत भारतात एखाद्या एनजीओत पाठवा. लेक मात्र दोन वर्षं शाळेतून आल्यावर आजीचं सगळं बघत होती: डायलिसिसला सोबत, औषधं, डॉक्टरांशी इंग्रजीत बोलणं. यादीत ‘घरची जबाबदारी’ हा स्वतंत्र प्रकार आहे. तिने तेच पहिल्या क्रमांकावर लिहिलं. दहाही जागा भरायच्या नसतात, तिच्या सहाच भरल्या होत्या.

मुंबई, माजी विद्यार्थी

मी माझ्या अमेरिकन कॉलेजसाठी स्वेच्छेने मुलाखती घेतो. माझ्यासमोर मुलाचे मार्क किंवा निबंध नसतात. एखाद्या विषयात तो स्वतःहून किती खोल गेलाय, एवढंच मी बघतो. घोकून आलेली उत्तरं दुसऱ्या प्रश्नालाच संपतात. एका मुलीने गावच्या पाणीवाटपाचं वेळापत्रक कसं चालतं ते अर्धा तास सांगितलं. माझा अहवाल त्यावरच होता.

नाशिक, सध्या दुसऱ्या वर्षात

पैशाबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून लिहिते. बहुतेक कॉलेजांत परदेशी मुलाने आर्थिक मदत मागितली की निवडीवर फरक पडतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशा मोजक्याच ठिकाणी तसं होत नाही. चांगल्या अर्जालाही नकार येतो तो कधीकधी यामुळे. लहान भावंडांना हे आधीच सांगा, म्हणजे ती खचणार नाहीत.

ठाणे, बाबा

ब्रिटनचं गणित निराळं. युकासवर (तिथल्या विद्यापीठांसाठीचा सामाईक ऑनलाइन अर्ज) पाच पर्याय, त्यात ऑक्सफर्ड-केंब्रिजपैकी एकच, आणि त्यांची मुदत १५ ऑक्टोबर. २०२६च्या प्रवेशापासून स्वतःबद्दलच्या सलग निवेदनाच्या जागी तीन प्रश्न आलेत, एकूण ४,००० अक्षरं. तिथे विषयाची ओढ बघतात. मुलीच्या कबड्डीच्या कप्तानपदाला एक ओळ मिळाली, बाकी सगळं अर्थशास्त्र.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पुण्याच्या ताई, एक विचारू? एचएससीचा निकाल मे महिन्यात, आणि तिकडचे निर्णय मार्चअखेर. मग बारावीचे मार्क म्हणून काय पाठवलंत?

पुणे, आई

अर्ज करताना सहामाहीचे. नंतर मिड-इयर रिपोर्टमध्ये (वर्षाच्या मध्यावर शाळेने पाठवायचा अहवाल) प्रिलिमचे, कॉलेजच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. त्यामुळे प्रिलिम ‘नुसती सराव परीक्षा’ म्हणून सोडू देऊ नका. बोर्डाचा निकाल लागल्यावर अंतिम गुणपत्रिका कॉलेजकडूनच जाते. मे-जूनमध्ये ऑफिसात कोण असेल, ते आताच विचारून ठेवा.