'डिस्ट्रॅक्शन'ला रोजच्या बोलण्यातला शब्द कोणता?

अभ्यासिकावाला
सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका चालवतो. फोन दाराजवळच्या कप्प्यात ठेवूनच आत यायचं, असा नियम करतोय. फलकावर 'विचलन टाळा, स्थिर बसा' लिहिलं, तर मुलं म्हणाली, "काका, विचलन म्हणजे संख्याशास्त्रातलं प्रमाण विचलन ना?" 'चित्तविक्षेप' वाचायला कुणी थांबणार नाही. इंग्रजी शब्द नकोय. काय लिहू?

नारायणपेठी
चाळा! आजी म्हणायची, "हाताला सारखा चाळा कशाला हवा?" त्याचं भावंड 'चाळवणं' बघा. झोप चाळवते, भूक चाळवते, मन चाळवतं. फोन नेमकं हेच करतो, धड जागंही करत नाही आणि धड झोपूही देत नाही. फोन 'चाळणं', पायातले चाळ, पिठाची चाळण, सगळ्यांचं मूळ संस्कृत 'चल्'.

मुळाक्षर
चाळा म्हटलं की सगळा दोष मुलाच्या हाताला. ओढणारी वस्तू सुटली की! २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या टेक्सास विद्यापीठातल्या प्रयोगात फोनचा आवाज बंद होता, फोन टेबलावर पालथा होता, तरी दुसऱ्या खोलीत फोन ठेवलेल्यांना चाचणीत जास्त गुण पडले. हात लावलाच नव्हता, मग चाळा कुठला? 'व्यवधान' लिहा. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय 'तरी अवधान एकवेळें दीजे' असाच सुरू होतो. त्या अवधानाला जे मोडतं ते व्यवधान. मुलांना कळत नाही म्हणून शब्द वगळत गेलो, तर त्यांना तो कधी कळणार?

नारायणपेठी
अहो, 'घरची व्यवधानं सांभाळून ती नोकरी करते' म्हणतो ना आपण? तिथे व्यवधानं म्हणजे जबाबदाऱ्या. 'व्यवधानं टाळा' असा फलक लावलात, तर आईनं सांगितलेलं दळणही कुणी आणणार नाही. शब्द कोशात काय आहे याहून तो तोंडात कसा बसलाय हे महत्त्वाचं.

टेकडीकर
'स्थिर बसा'कडे कुणी बघतच नाहीये. तिथे 'स्वस्थ बसा' हवं. आळंदीजवळ मरकळला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं. फोन आल्या आल्या जमा. चौथ्या दिवसापासून रोज तीनदा एकेक तास अधिष्ठान, म्हणजे मांडी मोडायची नाही, डोळे उघडायचे नाहीत. गुडघा ठणकतो, तरी बसायचं. शरीर स्थिर झालं तरी आतली धावपळ चालूच राहते. ती निवली की माणूस स्वस्थ होतो. स्व-स्थ, स्वतःपाशी असलेला.

मुळाक्षर
व्युत्पत्ती सुंदर आहे, पण मराठीत 'स्वस्थ बसणं' म्हणजे काहीच न करणं. परीक्षा तोंडावर असताना तसं सांगायचं? आणि अधिष्ठान म्हणजे पाया, जसं नैतिक अधिष्ठान.

टेकडीकर
तिथलं अधिष्ठान पालीतल्या 'अधिट्ठान'वरून आलंय, म्हणजे दृढ निश्चय. आणि काही न करता तासभर बसणं सोपं वाटत असेल, तर आज रात्री फोन बाहेर ठेवून बसून बघा.

नवी वाचक
रामदासांनी 'अचपळ मन माझें नावरे आवरीतां' म्हटलंय. पण अचपळ म्हणजे चपळ नसलेलं ना? मग ते आवरत का नाही?

नारायणपेठी
इथला 'अ' नकाराचा नाही. अचपळ म्हणजे फार चपळ, एका जागी न ठरणारं. आमच्याकडे अचपळ पोर म्हणतात.

मुळाक्षर
'अति'चा 'अ' झाला म्हणता? मग 'अघोरी'तला 'अ' कुठला ते सांगा. अघोर म्हणजे मुळात घोर नसलेलं.