पीसीबीवर लोगो घालताना: सिल्कस्क्रीन, सोल्डर मास्क की तांबे?

प्रश्न (दुहेरीथर):

मी किकॅड ८ या पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) आखण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन थरांचे एक बोर्ड तयार करत असून त्याच्या मोकळ्या कोपऱ्यात साधारण १२ मिमी रुंदीचा लोगो घालायचा आहे. लोगो पीएनजी स्वरूपात आहे. त्यात एक गोल चिन्ह, त्याखाली बारीक अक्षरांची एक ओळ आणि मागे फिकट होत जाणारी छटा आहे. पीसीबी एडिटरमधील संदर्भ प्रतिमेची सोय वापरून मी तो सिल्कस्क्रीनच्या, म्हणजे बोर्डावर छापल्या जाणाऱ्या शाईच्या, थरावर ठेवला. पडद्यावर तो उत्तम दिसतो, परंतु गर्बर फाइल (कारखान्याला पाठवायची उत्पादनाची फाइल) उघडून पाहिली असता ती जागा रिकामीच असते. असे का होते? शिवाय काही बोर्डांवर लोगो सोनेरी दिसतो, त्यासाठी वेगळी शाई वापरतात का?

उत्तर (तांबेपट्टी):

संदर्भ प्रतिमा ही केवळ मागे ठेवून तिच्यावरून रेखाटन करण्यासाठी आहे. ती कोणत्याही थरावर ठेवली तरी उत्पादनाच्या फाइलमध्ये जात नाही. गर्बरला चित्र ठाऊकच नसते. त्यात फक्त रेषा, भरीव आकृत्या आणि ठिपके असतात, आणि त्या प्रत्येक ठिकाणी शाई, सोल्डर मास्क (तांब्यावरचे रंगीत संरक्षक आवरण) किंवा तांबे एक तर असते किंवा नसते. त्यामुळे आपल्या लोगोतील फिकट छटेला येथे जागाच नाही, आणि ती कशीबशी टिकवण्याच्या खटपटीत न पडता लोगोची शुद्ध एकरंगी आवृत्ती आधी करून घ्यावी, हे मी आग्रहाने सांगेन.

किकॅडसोबत येणारे इमेज कन्व्हर्टर हे या कामाचे साधन आहे. त्यात पीएनजी उघडावी, काळे आणि पांढरे यांच्यातील उंबरठा सरकवून आकृती स्वच्छ करावी, रुंदी मिलिमीटरमध्ये द्यावी, फूटप्रिंट (बोर्डावर ठेवायच्या भागाचा आराखडा) हा प्रकार व सिल्कस्क्रीनचा थर निवडावा आणि क्लिपबोर्डवर घेऊन थेट बोर्डावर चिकटवावे. मूळ प्रतिमा पुरेशी मोठी असावी: १२ मिमी रुंदीसाठी सुमारे २८४ पिक्सेल असले, तर घनता ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) होते आणि एक पिक्सेल जेमतेम ०.०४ मिमीचा राहतो. त्याहून बारकावा छपाईत उतरत नाही.

खरी अडचण आपल्या बारीक अक्षरांची आहे. अनेक कारखाने सिल्कस्क्रीनच्या रेषेची किमान जाडी ०.१५ मिमी आणि अक्षरांची किमान उंची ०.८ ते १ मिमी मागतात. १२ मिमीमध्ये वीस अक्षरे बसवली, तर एका अक्षराला मधल्या फटीसकट ०.६ मिमी मिळते, आणि तेवढ्यात ‘e’ किंवा ‘a’ यांच्या पोटातली पोकळी शाईने बुजते. ओळ काढून टाकून नुसते चिन्ह ठेवावे, अथवा लोगो मोठा करावा. भरीव पांढऱ्या चौकटीत कोरलेली अक्षरे तर मी टाळतोच, कारण शाई आतल्या बाजूला पसरते.

जागा निवडतानाही काळजी घ्यावी. पॅडवर (सुटे भाग जेथे सोल्डर होतात त्या उघड्या तांब्यावर) आलेली शाई कारखाना छाटून टाकतो, आणि व्हायांच्या (दोन थर जोडणाऱ्या) छिद्रांवरून गेलेली आकृती तेथे तुटक दिसते.

उत्तर (गर्बरवाचक):

सोनेरी लोगोसाठी वेगळी शाई नसते. सोल्डर मास्क जेथे उघडा ठेवला जातो, तेथे खालचे तांबे दिसते, आणि बोर्डाला एनिग ही मुलामा देण्याची प्रक्रिया दिलेली असेल तर त्या तांब्यावर निकेल व त्यावर सोन्याचा अतिशय पातळ थर बसतो. त्याऐवजी एचएएसएल (वितळलेल्या सोल्डरचा मुलामा) निवडल्यास तोच लोगो चंदेरी दिसतो आणि मोठ्या भरीव भागात त्याचा पृष्ठभाग काहीसा उंचसखल राहतो.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: मास्कचा थर उलटा वाचला जातो. त्या थरावर आपण जे काढतो, तेथील मास्क निघून जातो. म्हणूनच ग्राउंडच्या (सर्किटच्या शून्य व्होल्ट जोडणीच्या) सलग तांब्यावर मास्कच्या थरात लोगोची आकृती ठेवली की काम होते. तांब्याला लोगोचा आकार द्यावा लागत नाही. तांबे नसलेल्या जागी मास्क उघडला, तर बोर्डाच्या मूळ फायबरग्लास पत्र्याचा पिवळसर रंग दिसतो. झाकलेले तांबे आणि मास्कखालचा कोरा पत्रा यांच्यातही छटेचा फरक असतो, तेव्हा पांढरी शाई धरून एकाच बोर्डावर पाच रंगछटा विनाखर्च मिळतात. आपल्या मागच्या छटेची उणीव यातून भरून काढता येईल.

मात्र त्या उघड्या भागाखालून दुसऱ्या नेटचा (वेगळ्या विद्युत जोडणीचा) एकही ट्रॅक, म्हणजे तांब्याची वाट, जाता कामा नये, कारण सोल्डरचा एखादा थेंब किंवा धातूचा कण तो ट्रॅक आणि ग्राउंड जोडू शकतो. किकॅडची डीआरसी (आराखड्याच्या नियमांची तपासणी) अशा जागी मास्कबद्दल तक्रार करते. ती दडपून टाकू नये. बोर्डाची जी बाजू वेव्ह सोल्डरिंगमधून (वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून) जाणार आहे, तिच्यावर असा लोगो ठेवू नये, नाहीतर लोगोवरच सोल्डर चढेल. अँटेनाभोवतीच्या मोकळ्या राखलेल्या जागेत सजावटीसाठी तांबे घालणे हे तर अँटेनाच बिघडवणे आहे.

उत्तर (वक्ररेषा):

लोगोची एसव्हीजी (ठिपक्यांऐवजी रेषांनी बनलेली फाइल) मिळत असेल, तर पीएनजीचा मार्ग सोडून द्यावा. इंकस्केप या रेखाचित्राच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचे पाथमध्ये (रेषाकृतींत) रूपांतर करून, एकमेकांवर आलेल्या आकृत्या एकत्र करून ती फाइल पीसीबी एडिटरच्या आयात आज्ञेने थेट हव्या त्या थरावर घेता येते. कडा दातेरी होत नाहीत. एसव्हीजी नसल्यास इंकस्केपच्या बिटमॅप ट्रेस सोयीने ती तयार करता येते, पण गोलाकार कडांवरचे अनावश्यक बिंदू हाताने कमी करावेत.

दुहेरीथर:

सर्वांचे आभार. एनिग घेऊन चिन्ह ग्राउंडवर सोनेरी ठेवतो आणि खालची ओळ काढून टाकतो. एक शंका उरते: लोगो मागच्या बाजूला हलवायचा झाल्यास तो आधी आरशातल्यासारखा उलटवून घ्यावा का?

उत्तर (तांबेपट्टी):

नाही. फूटप्रिंट दुसऱ्या बाजूला पलटवले की किकॅड ते आपोआप उलटवते. त्याआधी आपण उलटवले, तर प्रत्यक्ष बोर्डावर ते उलटे वाचले जाईल. वरून पाहताना मागचा लोगो उलटा दिसणे हेच बरोबर आहे.

फूटप्रिंटच्या गुणधर्मांत ते सर्किट आकृतीत नसल्याची खूण अवश्य करावी. ती नसेल, तर सर्किट आकृतीवरून बोर्ड अद्ययावत करताना त्या आकृतीत चिन्ह नसलेली फूटप्रिंट काढून टाकण्याचा पर्याय चालू राहिल्यास लोगो मुकाट नाहीसा होतो. सुट्या भागांच्या यादीतून आणि जोडणीच्या फाइलमधूनही ते वगळावे. फाइल पाठवण्यापूर्वी मास्क आणि तांबे हे दोन थर गर्बर व्ह्यूअरमध्ये एकावर एक ठेवून पाहावेत. काही कारखाने आपला ऑर्डर क्रमांक सिल्कस्क्रीनवर स्वतःहून छापतात; तो नेमका लोगोशेजारी येऊ नये यासाठी त्याची जागा ऑर्डर देतानाच ठरवून द्यावी.